कोल्हापूरचा मिस्त्री आणि आमचे डोळे

पिकते तेथे विकत नाही, अशी आपल्यात एक जुनी म्हण आहे. ती आपण बाजाराच्या दिवशी भाजीच्या भावासंबंधाने बोलतो आणि विसरून जातो. पण माणसांच्या बाबतीत तीच म्हण किती खरी आहे, याचा विचार आपण शेतकरी व कारागीर लोक क्वचितच करतो. आपल्याच आळीत, आपल्याच भात्याशेजारी वाढलेल्या माणसाची किंमत दुसऱ्या कोणी येऊन सांगेपर्यंत आपणास कळत नाही. आणि कळते तोवर त्याच्या हातचे काम बहुधा भंगारात गेलेले असते. आज आम्ही वाचकांपुढे अशाच एका माणसाची हकीकत ठेवीत आहोत. ती नुसती स्तुती करण्यासाठी नव्हे. मेलेल्या माणसाची स्तुती करण्यास काही खर्च लागत नाही. आम्हास त्या हकीकतीतून आपल्या घरांविषयी दोन शब्द स्पष्ट बोलावयाचे आहेत.

हा माणूस म्हणजे बाबूराव कृष्णराव मिस्त्री. जग त्यांस बाबूराव पेंटर म्हणून ओळखते. यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरास झाला. वडील कृष्णराव सुतारकी व लोहारकी जाणणारे. चित्रात व मूर्तीतही त्यांचा हात होता. घरात रंधा, पटाशी, हातोडी, रंगाचा कुंचला ही नेहमीची भांडी. शाळेची पायरी बाबूरावांनी जेमतेमच चढली. पण ज्या घरात लाकडाची शीर पाहून ते कोठे फाटेल हे पोर सांगू शकते, त्या घरात पोर अडाणी वाढते असे म्हणणाराच खरा अडाणी, असे आम्हास वाटते.

बाबूराव व त्यांचे बंधू आनंदराव हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, बालगंधर्वांची मंडळी, अशा नामांकित मंडळ्या त्या काळी गाजत होत्या. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट असा देखावा सपाट कापडावर काढावयाचा, आणि तो दिव्याच्या उजेडात खरा वाटला पाहिजे, असे ते काम. त्यावरून 'मिस्त्री' हे आडनाव मागे पडले व 'पेंटर' हे नाव लागले. कोल्हापुरात तेव्हा शाहू छत्रपतींचा अंमल होता. मल्ल, गवई, नट व चितारी यांस दरबारचा आश्रय होता, आणि गुणी माणसास त्याची जात विचारून दारातून परत लावण्याची चाल तेथे मोडू लागली होती. अशा गावात या दोघा भावांची उमेद वाढली यात नवल नाही.

इतक्यात १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत लागला. हलणारी चित्रे, आणि तीही आपल्या माणसांनी काढलेली! ती पाहून या दोघा भावांस ध्यास लागला की आपणही असे चित्र काढावे. पण चित्र काढावयाचे तर कॅमेरा पाहिजे. तो विलायतेहून येणार, त्यास भारी किंमत पडणार, आणि १९१४ पासून तर महायुद्ध पेटलेले. तेव्हा बाहेरून माल मिळणे मुष्कील. दुसरा कोणी असता तर 'आपले नशीब' म्हणून पुन्हा पडदे रंगवीत बसला असता. या भावांनी जुन्या बाजारातून चित्रे दाखविण्याचे एक यंत्र पैदा केले, आणि ते खोलून पाहिले.

वाचकांपैकी ज्यांनी माग चालविला आहे त्यांस यातील खुबी लगेच कळेल. मागावर धोटा जातो, फणी ठोकते, आणि कापड तेवढेच पुढे सरकते. सरकण्यात वेडेवाकडेपण आले की पोत बिघडला. कॅमेऱ्यातही तसेच आहे. फितीच्या दोन्ही कडांस भोके असतात. त्या भोकांत आकडा अडकतो, फीत एका चित्राएवढी खाली ओढतो, सोडतो, आणि फीत क्षणभर स्थिर उभी राहते. त्या क्षणात झडप उघडते व उजेड आत येऊन चित्र उमटते. फीत सरकत असताना झडप मिटलेली पाहिजे. हे एका सेकंदात सुमारे १६ वेळा झाले पाहिजे, आणि तेही हाताने दांडा फिरवून. एका फूट फितीत १६ चित्रे मावतात. म्हणजे सेकंदास एक फूट फीत धावते. दात्याच्या एका चाकात केसभर चूक राहिली तर पडद्यावर राजा, राणी, राजवाडा सर्वच थरथर कापू लागतात. दाखविण्याच्या यंत्रात उजेड आतून बाहेर जातो. काढण्याच्या यंत्रात तो बाहेरून आत येतो. फीत ओढण्याची करामत मात्र एकाच जातीची. एवढे मर्म ज्याने ओळखले, त्यास कॅमेरा करणे अशक्य नव्हते. पण ते मर्म ओळखण्यास चाके, दाते व कानस यांत मुरलेला डोळा लागतो.

हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. घरात दुःख, गाठीस पैसा नाही, आणि यंत्र अर्धवट. तरीही बाबूरावांनी आपले शागीर्द विष्णुपंत दामले यांस बरोबर घेऊन ते तडीस नेले. १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात, कारागिराच्या हातांनी घडविलेला कॅमेरा तयार झाला. ज्यास शाळेने जवळ केले नाही त्याने हे केले. बंधूंनो, ही गोष्ट आपल्या पोरांस सांगा. आणि ती चमत्कार म्हणून सांगू नका. चमत्कार म्हटला की माणूस हात जोडतो व घरी जातो. ही मेहनतीची व अकलेची गोष्ट आहे, म्हणून सांगा.

पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला पैसा कोणी दिला? मोठमोठ्या पेढ्यांनी नव्हे. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी दिला. ज्या बाईच्या गाण्यास लोक माना डोलवीत, पण जिला आपल्या ओसरीवर बसवून घेण्यास लाजत, अशा बाईने एका मिस्त्रीच्या विद्येवर विश्वास ठेवला. कंपनीत माणसे तरी कोण होती? दामले होते, चित्रकार साहेबमामा फत्तेलाल हे मुसलमान होते, आणि हुबळीच्या रेल्वे कारखान्यात राबून आलेला शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा पडेल ते काम करीत होता. हाच पुढे व्ही. शांताराम म्हणून देशात गाजला. एका छपराखाली नाना जातींची, नाना धर्मांची माणसे रंग कालवीत, खिळे ठोकीत, फीत धूत होती. रोटीबेटीचे वाद ज्यांस सभांतून सुटत नव्हते, त्यांनी त्या कारखान्यात एक फेरी मारावयास हवी होती.

१९२० साली 'सैरंध्री' हा या कंपनीचा चित्रपट पुण्यास लागला. फाळके यांच्या 'हरिश्चंद्रा'त तारामतीचे काम पुरुषाने केले होते, कारण कोणी बाई पुढे येईना. 'सैरंध्री'त बायकांनी काम केले. कमलादेवी व सुशीलादेवी ही त्यांची पडद्यावरची नावे. समाज नावे ठेवील हे त्यांस ठाऊक असूनही त्या उभ्या राहिल्या, हे धैर्य लहान नव्हे. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले की सरकारने ते कापावयास लावले. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांस 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. टिळकांशी ज्यांचे समाजकारणात पटले नाही त्यांनीही हे मोकळेपणाने सांगावे. गुणाची पारख जेथे झाली तेथे ती झाली असेच म्हटले पाहिजे.

मग बाबूरावांनी एक उलटीच गोष्ट केली. ज्या पडद्यांनी त्यांस नाव दिले, तेच त्यांनी बाजूस सारले. रंगविलेल्या सपाट देखाव्यापुढे नट उभे करणे सोडून त्यांनी भिंती, खांब, दरवाजे खरेखुरे उभारले. प्रत्येक दृश्याची चित्रे ते आधी कागदावर काढीत. पात्रांचा पोशाख स्वतः ठरवीत. जाहिरातीची चित्रे स्वतः रंगवीत. १९२३ च्या 'सिंहगड' चित्रपटात त्यांनी विजेच्या दिव्यांच्या उजेडात रात्रीची दृश्ये घेतली, आणि त्यासाठी सूर्याची वाट पाहिली नाही. त्या चित्रपटास लोटलेली गर्दी सरकारच्या डोळ्यांत भरली, असे सांगतात. मुंबई इलाख्यात करमणुकीवरील कराचा कायदा त्याच १९२३ साली झाला, एवढे खरे.

येथवर सर्व कौतुकच झाले. आता आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो.

१९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. गोष्ट नारायण हरी आपटे यांची. त्यात देव नव्हते, राक्षस नव्हते, आकाशातून बाण येत नव्हते. त्यात एक शेतकरी होता, त्याची जमीन होती, आणि एक सावकार होता. जमीन सावकाराच्या घशात जाते, आणि तो शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच ती कथा. शेतकऱ्याचे काम शांतारामांनी केले होते. त्यातील एक दृश्य जाणत्यांनी वर्षानुवर्षे आठवणीत ठेवले : अंधारात बुडालेली एक झोपडी, आणि बाहेर रडणारे एक कुत्रे. बोलपट तेव्हा नव्हते. पडद्यास वाचा नव्हती. पण कर्जात बुडालेल्या घराची कळा सांगण्यास वाचेची गरज काय?

ही गोष्ट कोणाची होती, वाचकहो? ती आपली होती. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे बाहेर काढून जाळली, ती याच दुखण्यापायी. पुढे १८७९ साली सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही हेच दुखणे मांडले. पण ज्यास अक्षर येत नाही त्याने ग्रंथ कसा वाचावा? मूकपटास ती अडचण नव्हती. मधली पाटी एखाद्या जाणत्याने मोठ्याने वाचली की बाकी सर्व डोळ्यांनीच समजे. अडाणी शेतकऱ्यास त्याचीच कहाणी त्याच्याच डोळ्यांपुढे मांडून दाखविणारे साधन देशात आले होते, आणि ते एका मिस्त्रीने आपल्या कामी लावले होते.

आणि काय झाले? चित्रपट चालला नाही. देवादिकांच्या व राजेरजवाड्यांच्या चित्रांस थेटर फोडणारी गर्दी या चित्रास आली नाही. बाबूरावांस पुन्हा पोथ्यापुराणांकडे वळावे लागले.

कोणी म्हणेल, त्या वेळी शेतकऱ्याजवळ तिकिटास पैसा कोठे होता? थेटरे शहरात, शेतकरी खेड्यात. त्याच्या कानापर्यंत बातमी तरी गेली असेल काय? यात तथ्य आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. पण शहरातील गिरण्यांत राबणारा मजूर कालपर्यंत शेतकरीच होता ना? देवाच्या चित्रास त्याच्या कनवटीचा आणा सुटत होता ना? आमचे म्हणणे असे की, दिवसभर राबून थकलेल्या माणसास आपले दुःख पुन्हा पाहावेसे वाटत नाही, हे स्वाभाविक आहे. पण आपले दुःख पाहण्याचे टाळणारा समाज ते दूर करण्याचा उपायही टाळतो. सावकाराच्या पाशातून सुटण्याची पहिली पायरी म्हणजे तो पाश नीट पाहणे. ते पाहण्याची सोय एका कारागिराने करून दिली, आणि आपण पाठ फिरविली.

त्याची किंमत आपण कशी मोजली तेही ऐका. तो १९२५ सालचा मूळ चित्रपट आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची फीत ज्या पदार्थाची असे तो पटकन पेट घेई, आणि उष्ण दमट हवेत आपोआप सडून जाई. शिवाय फितीत चांदीचा अंश असे. म्हणून कित्येक जुन्या फिती चांदी काढून घेण्यासाठी भट्टीत गेल्या. हिंदुस्थानात मूकपट सुमारे १३०० निघाले. त्यांपैकी आज ३० च्या आसपासच, तेही कित्येक अर्धेमुर्धे, शिल्लक आहेत. जुने चित्रपट जतन करण्याचे सरकारी संग्रहालय पुण्यास निघाले ते १९६४ साली. तोवर बहुतेक होत्याचे नव्हते झाले होते. सावकाराने शेतकऱ्याचे शेत नेले, आणि शेत गेल्याची साक्ष भट्टीने नेली. बाबूरावांनी १९३६ साली हीच कथा बोलपट म्हणून पुन्हा काढली, यावरून ती त्यांच्या मनात किती खोल रुतली होती हे दिसते.

बाबूरावांचे पुढे काय झाले? १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे कंपनी सोडून निघाले व सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलासह त्यांनी कोल्हापुरातच प्रभात कंपनी काढली. तिनेच पुढे १९३६ साली 'संत तुकाराम' काढला, आणि देहूच्या कुणबी वाण्याचे चरित्र व्हेनिसच्या प्रदर्शनात गौरविले गेले. म्हणजे मिस्त्रीच्या कारखान्यात शिकलेले हात जगास दिसले. पण १९३१ साली बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी नंतर थोडे चित्रपट केले. उरलेला काळ चित्रे व मूर्ती यांत घालविला. आणि १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरासच देह ठेवला. लोक आज त्यांस 'कलामहर्षी' म्हणतात. म्हणोत बापडे. पण महर्षी म्हटल्याने मिस्त्री झाकला जातो, ही आमची तक्रार आहे. जणू कारागिराचे मोठेपण त्याच्या कारागिरीतून आले नाही, तर ते कोठून तरी वरून उतरले! पटाशी धरणारा हात ऋषीचा ठरविल्याशिवाय ज्यांस त्यास नमस्कार करता येत नाही, त्यांनी नमस्कार न केला तरी चालेल.

आता आपल्या घरांविषयी. आज ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे व त्या फोनात कॅमेरा आहे. बाबूरावांस जे यंत्र घडविण्यास वर्षे लागली, त्याहून सोयीचे यंत्र आपल्या पोरांच्या हाती आहे. त्यात ती काय पाहतात व काय टिपतात, हे आपण विचारतो काय? बापाच्या शेताचा पंचनामा कसा झाला, पेढीने कर्जाच्या कागदावर काय लिहून घेतले, आजोबांच्या हाती कोणती कारागिरी होती व ती त्यांच्याबरोबर कशी चालली, हे टिपणारे पोर किती?

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली : सुताराने, लोहाराने, कुंभाराने, विणकराने आपल्या पोरास शाळेत जरूर घालावे, पण शाळेत घातले म्हणून हत्यारापासून तोडू नये. नुसते हत्यार घेऊन दारिद्र्य जात नाही हे खरे. तसेच नुसते पुस्तक घेऊन अक्कल येत नाही हेही खरे. दोन्ही एका हाती आली पाहिजेत. दुसरी : घरातील जुने फोटो, वहाडवडिलांची हत्यारे, हिशेबाच्या वह्या, खतपत्रे ही रद्दीवाल्यास देण्यापूर्वी त्यांवर नाव, गाव व साल लिहून ठेवावे. जी फीत भट्टीत गेली ती परत येत नाही. कागदाचेही तसेच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सावकारी पाश अजून सुटलेला नाही. फक्त त्याची गाठ बदलली आहे. आता तो कधी परवाना नसलेल्या खाजगी सावकाराच्या रूपाने येतो, तर कधी फोनवरील झटपट कर्जाच्या रूपाने. पण कायदाही अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्रात २०१४ साली सावकारीच्या नियमनाचा कायदा झाला. परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. आणि सावकाराने कर्जापोटी बेकायदा बळकावलेली जमीन, व्यवहार अर्जापूर्वी १५ वर्षांच्या आतला असेल तर, चौकशी करून परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकास आहे. अर्ज मात्र आपणच केला पाहिजे. कोऱ्या कागदावर अंगठा वा सही करू नये, आणि न वाचता तर मुळीच करू नये. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

१९२५ साली एका मिस्त्रीने आपल्यापुढे आपलाच आरसा धरला होता. आपण तोंड वळविले, आणि आरसा फुटून गेला. त्या मिस्त्रीस आज आपल्या हाराची गरज नाही. पण ज्या गोष्टीकडे त्याने बोट दाखविले, ती गोष्ट अजून आपल्या उंबऱ्याशी बसली आहे. तिच्याकडे डोळे उघडून पाहाल तर बाबूरावांचे ऋण थोडेतरी फिटेल. आणि ते ऋण असे आहे की, ते फेडणाऱ्याचे शेत जात नाही, तर राहते.